नाव न घेता

आई,

आज दुपारी तुझा खेळ पुन्हा टीव्हीवर लागला होता. जुने कार्यक्रम दाखवणारं एक चॅनल आहे, ते लावून मी कपड्यांच्या घड्या घालत बसले होते. ते संगीत कानावर पडलं आणि हातातला टॉवेल हातातच राहिला. तीच समोरासमोर दोन टेबलं, तोच सूटबूटवाला निवेदक. एका जोडीत एक साधा माणूस आणि एक नट, दुसऱ्या जोडीत एक साधी बाई आणि एक गायिका. एकाच्या हातात कार्ड, कार्डावर शब्द. तो शब्द तोंडातून काढायचा नाही, हातवारे करायचे नाहीत. फक्त दुसरा एखादा शब्द सुचवायचा आणि जोडीदारानं पहिला ओळखायचा. आणि तो दबका आवाज, आठवतो? जो आपल्याला, घरी बसलेल्यांना, हळूच सांगून ठेवायचा की शब्द अमुक आहे. आज गायिकेला काही केल्या ओळखता येईना, तर मी टीव्हीवर ओरडले, "अगं बाई, सोपं आहे, ओळख की!" आणि मग माझ्या लक्षात आलं की हे ओरडणं तुझं आहे, तोंड फक्त माझं आहे.

म्हणून लिहायला बसले. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तुझ्याबद्दल रडून झालं, हसून झालं, तुझी भांडी वाटून झाली. पण एक प्रश्न आहे तो काही सुटत नव्हता, आणि मला तर तू ओळखतेस, मला कारण लागतं. कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात माझं कामच ते होतं. चिप चालेनाशी झाली की ती उघडून बघायची, कुठं बिघडलं, का बिघडलं. तुझ्या बाबतीत मला हा एक 'का' कधी उघडताच आला नाही. तू बाबांचं नाव का घेत नव्हतीस?

हसू नकोस. खरंच विचारतेय. दुसरी कुणी असती तर मी म्हटलं असतं, जुनी बाई, जुनी रीत, सोडून द्या. पण तू! तू नागपूरला धम्म घेतलेली. उपास सोडलेस, सोवळं-ओवळं तर नव्हतंच, आपल्या घरात वटसावित्रीच्या दिवशी तू मुद्दाम शाळेत ज्यादा तास घ्यायचीस. मंगळसूत्र एकदा तुटलं ते डब्यात ठेवलंस, पुन्हा ओवलं नाहीस. लग्नानंतर सासरच्यांनी तुझं नाव बदललं होतं, तर तू शाळेच्या नोकरीत जुनंच चालू ठेवलंस, आणि माझ्या लग्नात मला बजावून सांगितलंस, "तू नको बदलू बरं. जे आहे ते राहू दे." इतकी खमकी बाई, आणि नवऱ्याचं नाव घ्यायची वेळ आली की गप्प! बाबा तुझ्यासाठी 'अहो', लोकांसमोर 'हे', शेजारणींत 'तारवाले', कारण ते तार ऑफिसात होते. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, बँकेत कुणी विचारलं, "मिस्टरांचं नाव?" की तू माझ्याकडे बघायचीस आणि कोपरानं ढोसायचीस, "सांग गं." मी मान वर करून खणखणीत सांगायची. नागपुरातल्या किती खिडक्यांसमोर मी तुझं तोंड झाले असेन!

मोठी झाल्यावर मी भांडले पण. म्हटलं, ही गुलामगिरी आहे, बाकी सगळी फेकलीस मग हीच का जपून ठेवलीस? तू धान्य निवडता निवडता म्हणालीस, "ते तुला नाही समजणार." यावर मला जो संताप आला तो अजून आठवतो. मला नाही समजणार असं या जगात काही असेल, हे तेव्हा मान्यच नव्हतं.

मग बाबा गेले, आणि पुढच्या वर्षी मी तुला इकडे घेऊन आले. फीनिक्सजवळच्या या चँडलरमध्ये तेव्हा संत्र्यांच्या बागा तोडून नवी घरं होत होती, त्यातलंच एक आमचं. विमानतळाबाहेर पाय ठेवला, ती भट्टी अंगावर आली, आणि तू म्हणालीस, "बाप्पा! हे तर नागपूरच आहे. फक्त रस्ते रुंद आहेत." पहिले काही आठवडे तू खिडकीच्या पट्ट्या बाजूला करून बाहेर बघायचीस. रस्त्यावर माणूस नाही, कुत्रं नाही, भाजीवाला नाही. आम्ही दोघं नवराबायको ऑफिसला, तुझी नात शाळेत. मला वाटलं ही महिनाभरात परतीचं तिकीट मागणार. तर एके दिवशी मी लवकर घरी आले, आणि तू सोफ्यावर मांडी घालून, समोर कोथिंबिरीची जुडी घेऊन बसलेली, टीव्हीवर हा खेळ. तुझ्या इंग्रजीचं मला काही फार वाटत नव्हतं, पण तू प्राथमिक शाळेत आयुष्यभर इंग्रजीचे सुटे शब्दच तर शिकवले होतेस, आणि या खेळात वाक्य नसतंच! सगळे एकेकच शब्द बोलतात. "हे इंग्रजी माझ्या मापाचं आहे," तू म्हणालीस. ते नट-नट्या कोण हे मात्र तुला ठाऊक नव्हतं आणि मलाही नाही, कारण ती सगळी मंडळी मी इथं येण्याआधीच म्हातारी झाली होती. तू विचारायचीस, "हा कोण?" मी म्हणायचे, "कुणीतरी सेलिब्रिटी असेल." "म्हणजे काय केलं त्यानं?" "टीव्हीवर आला." एवढ्यावर तुझं समाधान व्हायचं.

मी तुला नियम समजावून सांगायला गेले. म्हटलं, आई, गंमत अशी की जो शब्द आहे तो उच्चारायचा नाही, पण समोरच्याला तर कळला पाहिजे. तू कोथिंबिरीचा देठ मोडलास आणि म्हणालीस, "मला काय शिकवून राहिली? लग्न झाल्यापासून तेच तर खेळून राहिली मी."

मग घरात खेळ सुरू झाला. रोज संध्याकाळी जेवणाआधी. नात शाळेच्या कागदाचे तुकडे करून शब्द लिहायची, स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवायची, तो आमचा भोंगा. जोड्या ठरलेल्या. मी आणि नात. तू आणि माझा नवरा. त्याला तू निवडलंस त्याचं कारणही सांगितलंस. एका उन्हाळ्यात इथल्या बातमीवाल्यांनी त्याला बसस्टॉपवर गाठून विचारलं होतं की एवढ्या उन्हात कसं वाटतं, आणि तो म्हणाला होता, "इट्स अ ड्राय हीट," जे इथं प्रत्येक जण म्हणतो. ते अर्ध्या मिनिटाचं टीव्हीवर आलं. बस! "जवाईबापू टीव्हीवर आले आहेत, ते माझे सेलिब्रिटी," तू म्हणालीस, आणि तो कॉलर ताठ करून तुझ्या शेजारी बसला. तुम्ही दोघं आम्हाला धुवायचात. तू म्हणायचीस "मार्च", तो म्हणायचा "परीक्षा". तू म्हणायचीस "तर्री", तो पुण्याकडचा माणूस, तरी "पोहे" म्हणायचा. कधी तू नुसतं "हं" म्हणायचीस आणि तो ओळखायचा. नात चमचा आपटायची, "आजी, दॅट्स चीटिंग! 'हं' इज नॉट अ वर्ड!" तू तिला शांतपणे सांगायचीस, "तुझे आजोबा तारेचा माणूस होते. त्यांच्यासोबत राहून 'हं' हा पूर्ण शब्द होते."

मी मात्र नवऱ्याला नावानं हाक मारायची, 'अरे' म्हणायची, चिडले तर आडनावासकट. गॅरेजमधून, वरच्या मजल्यावरून, दुकानात दुसऱ्या रांगेतून. इथं सगळ्याच बायका अशा हाका मारतात. तू आधी आधी दचकायचीस, मग तुला त्याची गंमत वाटायला लागली. एकदा मी सकाळपासून त्याच्या नावानं शंख करत होते, किल्ली कुठंय, दूध का नाही आणलं. तू चहा गाळत होतीस. म्हणालीस, "इतकं घेऊन राहिली त्याचं नाव, संपून नाही जाणार?" आम्ही दोघंही हसलो. मी म्हटलं, "आई, नाव काय साबण आहे?" तू चहाचा कप माझ्यापुढे सरकवलास.

मी तोवर इथली नागरिक झाले होते, म्हणून तुझ्या ग्रीन कार्डासाठी अर्ज केला. तू ठरवलंच होतंस. "मला इथंच राहायचं आहे," असं तू स्वच्छ सांगितलंस, "तिकडं चहा ठेवला की माझ्या हातून दोन कप निघतात." कार्ड नाही मिळालं तर पुन्हा नागपूरच्या त्या दोन खोल्यांत एकटी, हे तुला माहीत होतं, मला माहीत होतं. अडचण एकच होती. माझ्या जन्माच्या दाखल्यावर आईचं नाव म्हणून सासरचं, आणि तुझ्या पासपोर्टावर शाळेतलं. कागदोपत्री माझी आई एक बाई आणि तू दुसरी. वकील म्हणाला, इंटरव्ह्यूत खोदून विचारतील, घाबरू नका, खरं ते सांगा.

फीनिक्समधलं ते ऑफिस आठवतं? एसी एवढा की तू साडीवर माझं ऑफिसचं जॅकेट घातलंस. जोडीला तुझा सेलिब्रिटी आला होता, पण त्याला आत सोडलं नाही, तो पार्किंगमध्ये थांबला. अधिकारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातलेला, उतारवयाचा, ना गोड ना कडू. मी भाषांतर करायचं ठरलं. जन्म कुठं, आलात कधी, नोकरी काय, तू पटापट उत्तरं देतेयस, मध्येच माझ्या आधी इंग्रजीत "टीचर, टीचर" म्हणतेयस. मला जरा हायसं वाटतं. आणि तो कागदावरून नजर न काढता विचारतो, "हजबंड्स नेम?"

तू माझ्याकडे बघितलंस. तीच नजर, रेशनच्या दुकानातली. टेबलाखाली कोपर लागलं. मी तोंड उघडलं आणि त्यानं हात वर केला. "नो, मॅडम. शी हॅज टू आन्सर." मी त्याला समजावून सांगितलं, की आमच्याकडे अशी एक रीत आहे, बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. सांगताना मलाच ते खोटं वाटत होतं. त्यानं आता वर बघितलं. म्हणाला, कागदावर नाव आहे, पण दाखल्यावरची बाई हीच हे मला यांच्याकडून ऐकायचंय. स्वतःच्या नवऱ्याचं नाव यांना माहीत आहे ना? आणि त्यानं पेन खाली ठेवलं. मी तुझ्याकडे वळले आणि मराठीत अक्षरशः हात जोडले. "आई, एकदा म्हण. एकच शब्द आहे. बाबा गेले, आता कोण ऐकतंय?" तू असं बघितलंस माझ्याकडे की मी जोडलेले हात खाली घेतले.

मग तू जॅकेटच्या बाह्या मागे सारल्यास. हात मांडीवर एकावर एक ठेवलेस, खेळात ठेवायचीस तसे, म्हणजे हातवारे केले असं कुणी म्हणायला नको. आणि अधिकाऱ्याच्या डोळ्यांत बघून म्हणालीस, "डॉटर."

तो म्हणाला, "येस, दिस इज युवर डॉटर."

तू मान हलवलीस, नाही, चुकलं, आणि दुसरा शब्द दिलास. "मिडल."

तो कपाळाला आठ्या घालून तुझ्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर माझ्या नागरिकत्वाच्या कागदाकडे गेली. त्यानं तो ओढला, माझ्या नावाखाली बोट फिरवलं आणि मधलं नाव मोठ्यानं वाचलं. बाबांचं नाव. त्याच्या तोंडून ते असं काही वेडंवाकडं निघालं की बाबांनाही ओळखू आलं नसतं. तुझा चेहरा असा फुलला, आई! तू टाळी वाजवलीस आणि त्या निवेदकाच्या थाटात म्हणालीस, "करेक्ट!" वर्गात रोज पोरांकडून पूर्ण नाव वदवून घेणारी बाई तू, आधी आपलं, मग बापाचं, मग आडनाव, तुला पोरीच्या नावाच्या मध्ये नवरा सापडणारच होता. मला मात्र रडू फुटलं. अधिकाऱ्यानं पेन उचललं, लिहिलं, आणि लिहिता लिहिता गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "टू क्लूज. नॉट बॅड." म्हणजे तोही बघायचा! मग म्हणाला, कार्ड पोस्टानं येईल.

गाडीत तू मागच्या सीटवर बसून सगळं रंगवून सांगितलंस. हा, तुझा जावई, स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसत होता. "आई, मी असतो ना, तर एका शब्दात ओळखलं असतं," तो म्हणाला. "मग काय तर! तो नवा होता बिचारा," तू म्हणालीस. मी मात्र पेटले होते. म्हटलं, एवढं सगळं पणाला लागलं होतं, त्यानं ओळखलं नसतं तर? तुला परत जावं लागलं असतं, कळतंय का? कशासाठी? नुसतं का ते तरी सांग. तू माझं जॅकेट काढून मांडीवर ठेवलंस. मग म्हणालीस, "क्लू देते. शिल्लक."

सिग्नल लागला की मी एक उत्तर द्यायचे. मान? तू भोंगा वाजवायचीस, "टंऽऽ." सवय? "टंऽऽ." भीती? लाज? "टंऽऽ, टंऽऽ. काऊन गं, इतकी शिकली ना तू?" शेवटी मी चिडून म्हटलं, हरले, सांग. तू म्हणालीस, "खेळात सांगतात, मी नाही सांगत." मी त्याला विचारलं, "तुला कळलं का रे?" त्यानं आरशातून तुझ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "मला कळलं. पण मी आईंच्या टीममध्ये आहे." मला वाटलं फेकतोय. नंतर कितीदा विचारलं, भांडणात पण, दोघांनीही शेवटपर्यंत ताकास तूर लागू दिली नाही. तू गेलीस तेव्हा हॉस्पिटलमध्ये शुद्ध जाईपर्यंत तू बाबांबद्दलच विचारत होतीस, 'हे' आले का. नाव तेव्हाही नाही.

आता ऐक. तुझा सेलिब्रिटी गेल्या वर्षी गेला, आई. पंधरवडाभर आजारी होता. बाकीचं लिहीत नाही, तुला तिथं कळलं असेल, कदाचित तुम्ही दोघं पुन्हा एका बाजूला बसून कुणाला तरी धूत असाल. पण तेव्हापासून मी त्याचं नाव किती ऐकतेय! फोन कंपनी, विमा, बँक, क्लिनिक. फोनवर एखादं पोरगं गोड आवाजात त्याचं नाव घेतं, वेडंवाकडं, आणि विचारतं, ते घरी आहेत का. मी सांगते, नाही. पुन्हा दुसरं पोरगं, पुन्हा तेच नाव. कुणाच्याही तोंडात, कसंही. पंधरा मिनिटं होल्डवर ठेवतात आणि परत आले की पुन्हा तेच, साबणाच्या वडीसारखं झिजून गुळगुळीत झालेलं. मी आपली "माय हजबंड" म्हणते, "हिज अकाउंट" म्हणते, मधलं गाळते. एकदा बँकेतल्या मुलीनं हटूनच विचारलं, "मॅम, आय नीड यू टू से हिज नेम," तर मी तिला म्हणाले, स्क्रीनवर वरून दुसरी ओळ. ती म्हणाली, थँक यू. फोन ठेवला आणि मी किचनच्या मध्यावर उभी राहून खदाखदा हसले. मग रडले. त्या गाडीतला सिग्नल तेव्हा सुटला, आई. उत्तर मला आलं. एक शब्दही लागत नाही त्याला, उलट एक शिल्लक ठेवावा लागतो.

परवा लेक फोनवर म्हणाली, "मॉम, यू नेव्हर से हिज नेम एनीमोर. आर यू ओके?" मी म्हटलं, मी ठीक आहे गं. तिला वाटतं मी अजून सावरले नाही. तिला समजावून सांगावंसं वाटलं, मग म्हटलं राहू दे, ते तिला नाही समजणार. बघ, तुझंच वाक्य.

हे पत्र कुठं टाकायचं, हा प्रश्नच नाही, घड्या घातलेल्या टॉवेलांखाली राहील. आत्ता वरपासून पुन्हा वाचून बघितलं. माझा नवरा, तुझा जावई, तुझा सेलिब्रिटी, 'तो', 'हा', सगळं लिहिलंय, त्याचं नाव एकदाही नाही. मी ते ठरवून गाळलं नव्हतं.